विजय कुणाच्या नावावर? बेसबॉलमधील पिचरचे मोल आणि एका खोट्या रकान्याचा इतिहास

१/ ७ जुलै २००९. डेन्व्हरचे मैदान, कोलोरॅडो रॉकीज विरुद्ध वॉशिंग्टन नॅशनल्स. आठव्या इनिंगचा पूर्वार्ध, दोन खेळाडू बाद, धावसंख्या बरोबरीत. रॉकीजचा पिचर अ‍ॅलन एम्ब्री मैदानात उतरला आणि फलंदाजाकडे एकही चेंडू टाकण्याआधी त्याने पहिल्या बेसवरच्या धावपटूला चकवून बाद केले. उत्तरार्धात रॉकीजने एक धाव काढली. नवव्या इनिंगमध्ये दुसऱ्याच पिचरने सामना संपवला. अधिकृत नोंदीत विजय लिहिला गेला तो एम्ब्रीच्या नावावर. फलंदाजाला टाकलेले चेंडू: शून्य.

२/ हा अपघात नव्हे. नियमाचे तंतोतंत पालन केले की नेमके हेच घडते. आणि याच नियमातून जन्मलेला ‘विजय-पराजय’ हा रकाना बेसबॉलच्या इतिहासलेखनाने शंभरहून अधिक वर्षे पिचरच्या थोरवीचा मुख्य पुरावा मानला. पुरस्कार त्यावर दिले गेले, करार त्यावर ठरले, अमरत्वही त्यावरच वाटले गेले. हा पुरावा पहिल्यापासून कच्चा होता. आज तो खोटा आहे.

३/ क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी. पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. त्याच्या पाठीशी आठ क्षेत्ररक्षक. सामना नऊ इनिंगचा. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या नावावर बळी लिहिले जातात, सामना लिहिला जात नाही. बेसबॉलमध्ये मात्र प्रत्येक सामन्याचा विजय एका पिचरच्या नावावर आणि पराजय दुसऱ्याच्या नावावर चढतो. संघाने निर्णायक आघाडी घेतली त्या क्षणी जो पिचर खेळात असेल, सामान्यतः तो विजेता. सामन्याची सुरुवात करणाऱ्याने किमान पाच इनिंग टाकल्या पाहिजेत, एवढी एक अट. आघाडी मिळवून देणारे फलंदाज, ती राखणारे क्षेत्ररक्षक आणि नंतर येणारे पिचर यांचा या रकान्यात उल्लेखही नाही.

४/ ही प्रथा पडली ती मूर्खपणातून नव्हे, हेही नोंदवले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात एकच पिचर बहुधा सबंध सामना टाकत असे. सर्वाधिक, म्हणजे ५११ विजय नावावर असलेल्या साय यंगने ८१५ सामन्यांची सुरुवात केली आणि त्यांतले ७४९ स्वतःच पूर्ण केले. अशा माणसाच्या नावावर सामना लिहिण्यात काही अर्थ होता. पण सर्वाधिक पराभवांचा विक्रमही त्याच साय यंगचा आहे, ही गोष्ट त्या काळी कोणाला फारशी खटकली नाही. २०२३ च्या संपूर्ण हंगामात, तीसही संघांचे मिळून, एकाच पिचरने पूर्ण केलेले सामने चाळीससुद्धा भरले नाहीत. परिस्थिती गेली, रकाना राहिला.

५/ त्याचा परिणाम १९८७ मध्ये पाहावा. ह्यूस्टनचा नोलन रायन, वय चाळीस. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी ईआरए त्याचा: २.७६. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या माथी लागलेल्या धावा. सर्वाधिक स्ट्राइकआऊट, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या मदतीवाचून बाद केलेले फलंदाज, तेही त्याचेच: २७०. आणि विजय-पराजय? ८-१६. लीगमधला सर्वांत कंजूष पिचर जितके सामने जिंकला त्याच्या दुप्पट हरला, कारण तो टाकत असताना त्याच्या फलंदाजांनी धावाच काढल्या नाहीत. साय यंगच्या नावाचा, वर्षातील सर्वोत्तम पिचरला मिळणारा पुरस्कार अर्थातच दुसरीकडे गेला.

६/ १९९० मध्ये उलटी बाजू दिसली. ओकलंडचा बॉब वेल्च २७-६, ईआरए २.९५. बोस्टनचा रॉजर क्लेमन्स २१-६, ईआरए १.९३. ओकलंडचा संघ त्या वर्षी १०३ सामने जिंकला, त्याचे मैदान पिचरला धार्जिणे, आणि वेल्चनंतर सामना सांभाळायला डेनिस एकर्स्ली होता, ज्याचा त्या हंगामातला ईआरए ०.६१ होता. क्लेमन्सचे घरचे मैदान फेनवे पार्क, फलंदाजांचे नंदनवन. दर नऊ इनिंगमागे एक पूर्ण धाव कमी देणारा क्लेमन्स हरला, सहा विजय जास्त असलेला वेल्च पुरस्कार घेऊन गेला. वेल्च चांगला पिचर होता. पण मतदारांनी त्या दिवशी एका पिचरला मत दिलेच नाही. त्यांनी ओकलंडच्या सबंध संघाला मत दिले आणि खाली वेल्चचे नाव लिहिले.

७/ या रकान्याच्या कैवाऱ्यांचा ठेवणीतला युक्तिवाद असा: काही पिचरना ‘जिंकता येते’. मोठी आघाडी असली की ते ढिलाई देतात, सामना चुरशीचा झाला की कसून टाकतात. म्हणून ईआरए वाढलेला दिसतो, पण विजय त्यांचाच होतो. या युक्तिवादाचा नायक जॅक मॉरिस. २५४ विजय, ईआरए ३.९०. १९९१ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात त्याने दहा इनिंग एकही धाव न देता टाकल्या आणि मिनेसोटाने १-० अशी अजिंक्यपदावर मोहोर उमटवली. तो सामना थोर होता, याविषयी दुमत नाही.

८/ मात्र थोर सामना वेगळा आणि थोर कारकीर्द वेगळी. सामन्यांच्या तपशीलवार नोंदी उपलब्ध झाल्यावर संशोधकांनी मॉरिसची कारकीर्द इनिंगवार तपासली. धावसंख्या पाहून तो टाकणे बदलत असल्याचा पुरावा मिळाला नाही. त्या थोर सामन्याच्या पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, टोरांटोसाठी तो २१-६ होता; ईआरए ४.०४. जिंकण्याची कला एवढी अंगी मुरलेली असेल, तर त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये ती कुठे गेली होती? तिथे त्याने दोन सामने सुरू केले, दोन्ही हरला, ईआरए ८.४४. टोरांटो तरीही अजिंक्य ठरले. मॉरिस जिंकत होता, कारण त्याचे संघ धावा काढत होते. यापलीकडे गूढ काही नाही.

९/ मग ईआरए पुरेसा मानावा काय? नॅशनल लीगने १९१२ मध्ये तो अधिकृत केला, आणि विजयाच्या रकान्यापेक्षा तो कितीतरी प्रामाणिक आहे. पण त्यातही एक खोट आहे. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे झालेली धाव पिचरच्या हिशेबातून वगळली जाते, आणि चूक कोणती हे ठरवतो सामन्याचा अधिकृत नोंदकर्ता. चेंडूपर्यंत पोहोचून तो हातातून निसटू देणारा क्षेत्ररक्षक ‘चूक’ करतो. जाडजूड, मंद, चेंडूच्या जवळपासही न पोहोचणारा क्षेत्ररक्षक काहीच चूक करीत नाही. त्याच्या संथपणाचे ओझे निमूटपणे पिचरच्या डोक्यावर येते.

१०/ शिवाय काळाचा प्रश्न. १९६८ मध्ये सेंट लुईसच्या बॉब गिब्सनचा ईआरए १.१२ होता. २००० मध्ये बोस्टनच्या पेद्रो मार्टिनेझचा १.७४. वरवर पाहता गिब्सन सरस. पण १९६८ हे पिचरांच्या सुकाळाचे वर्ष होते; गिब्सनच्या लीगची सरासरीच २.९९ होती. ते इतके विकोपाला गेले की १९६९ पासून पिचरचा उंचवटा पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणावा लागला. मार्टिनेझच्या लीगची सरासरी ४.९१ होती. लीगची सरासरी आणि मैदानाचा स्वभाव हिशेबात घेऊन शंभर हा मध्य मानला, तर गिब्सन २५८ आणि मार्टिनेझ २९१. शिवकालीन होनाची आजच्या रुपयाशी थेट तुलना कोणी करीत नाही. दोन युगांतल्या ईआरएची मात्र सर्रास केली जाते.

११/ या विषयातला खरा भूकंप जानेवारी २००१ मध्ये झाला. कायद्याच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या व्होरॉस मॅकक्रॅकन नावाच्या तरुणाने एक साधा प्रश्न विचारला: बॅटला लागून मैदानातच राहिलेला चेंडू हिट ठरतो की झेल, यावर पिचरचा ताबा किती? त्याचे उत्तर धक्कादायक होते. फारच थोडा. होमरन, वॉक आणि स्ट्राइकआऊट यांत पिचरची छाप वर्षानुवर्षे टिकते. मैदानात पडलेल्या चेंडूंचे प्रमाण मात्र दरवर्षी हेलकावे खाते, थोरामोठ्यांचेही.

१२/ उदाहरण पुन्हा मार्टिनेझचे. १९९९ मध्ये मैदानात राहिलेल्या चेंडूंपैकी सुमारे ३२ टक्के चेंडूंवर फलंदाजांना हिट मिळाली. २००० मध्ये २४ टक्क्यांहूनही कमी. माणूस तोच, हात तोच, दोन्ही वर्षी पुरस्कार त्यालाच. एका वर्षात तो चेंडू झेलात जातील असे फेकायला शिकला, असे मानायचे? क्षेत्ररक्षण, मैदान आणि नशीब यांचे वारे फिरले, एवढेच. मॅकक्रॅकनवर तेव्हा टीकेची झोड उठली. त्याचे मूळ विधान पुढे थोडे सौम्य करावे लागले, कारण काही पिचर खरोखरच बॅटवर दुबळा चेंडू आणतात. पण पाया ढळला नाही, आणि काही काळातच बोस्टनच्या संघाने त्याला सल्लागार नेमले.

१३/ याच पायावर ‘फिप’ नावाचे माप उभे राहिले. टॉम टँगो या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने ते रूढ केले. गणित सुटसुटीत आहे: प्रत्येक होमरनला १३ चा भार, प्रत्येक वॉकला आणि फलंदाजाच्या अंगावर लागलेल्या चेंडूला ३ चा, स्ट्राइकआऊटमागे २ वजा. बेरजेला इनिंगने भागायचे आणि ईआरएच्या पट्टीवर आणण्यासाठी एक स्थिरांक मिळवायचा. क्षेत्ररक्षकांचा संबंधच नाही. पिचरने एकट्याने जे केले, तेवढेच.

१४/ आणि शेवटी ‘वॉर’. नाव युद्धाचे, काम हिशेबनिसाचे. प्रश्न असा: हा पिचर नसता आणि त्याच्या जागी कोणत्याही संघाला सहज मिळणारा राखीव पिचर उभा केला असता, तर संघाचे किती विजय कमी झाले असते? सगळा संघच असा राखीव असेल तर तो १६२ पैकी सुमारे ४८ सामने जिंकेल, असे गृहीत धरतात. साधारण दहा धावा वाचवल्या की एक विजय. तुलना सरासरीशी का नाही? कारण सरासरी पिचर फुकट मिळत नाही. दोनशे इनिंग सरासरीने टाकणारा माणूस जखमी झाला की प्रशिक्षकाला त्याचे मोल कळते. वेल्च आणि क्लेमन्स यांच्या १९९० च्या हंगामाला ‘बेसबॉल रेफरन्स’च्या हिशेबात लावले तर वेल्चला सुमारे तीन विजय मिळतात. क्लेमन्सला दहाहून जास्त.

१५/ इथे दुसऱ्या गटालाही चार शब्द सुनावले पाहिजेत. वॉरचा आकडा दशांश चिन्हासह फेकून वाद संपला असे मानणारे तरुण आता बरेच झाले आहेत. पण वॉर एक नाही, निदान दोन आहेत. ‘बेसबॉल रेफरन्स’ पिचरने प्रत्यक्ष दिलेल्या सर्व धावांपासून सुरुवात करते आणि मग संघाचे क्षेत्ररक्षण, मैदान, प्रतिस्पर्धी यांचा हिशेब लावते. ‘फॅनग्राफ्स’ फिपपासून सुरुवात करते. राखीव पातळी कोणती यावर दोघांचे एकमत झाले तेही २०१३ मध्ये. २०२१ मध्ये नॅशनल लीगच्या पुरस्कारासाठी कॉर्बिन बर्न्स आणि झॅक व्हीलर यांना पहिल्या पसंतीची प्रत्येकी बारा मते पडली. बर्न्सचा फिप १.६३, इनिंग १६७. व्हीलरच्या इनिंग २१३. फॅनग्राफ्सच्या हिशेबात बर्न्स पुढे, बेसबॉल रेफरन्सच्या हिशेबात व्हीलर. दशांशाच्या फरकावरून कोणाला थोर ठरवणारा माणूस विजयाचा रकाना वाचणाऱ्याचाच धाकटा भाऊ.

१६/ तरीही दोघांत मूलभूत अंतर आहे. वॉर आपली गृहीतके उघड मांडते. ती तपासता येतात, खोडता येतात, सुधारता येतात. विजयाच्या रकान्याचे गृहीतक (नऊ जणांचे काम एकाचे मानावे) कधी कोणी उच्चारलेच नाही. जे उच्चारले जात नाही ते खोडायचे कसे?

१७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळची वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. हे सारे शक्य झाले ते दप्तरामुळे. डेलावेअर विद्यापीठातील जीवशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड स्मिथ यांनी १९८९ मध्ये ‘रेट्रोशीट’ हा उपक्रम सुरू केला. स्वयंसेवकांनी संघांच्या जुन्या नोंदवह्या आणि वर्तमानपत्रांची कात्रणे गोळा करून दशकांपूर्वीचे सामने खेळागणिक पुन्हा उभे केले आणि सर्वांना मोफत खुले केले. मॉरिसची दंतकथा तपासता आली ती अशाच नोंदींमुळे. बखर आणि दप्तर यांतला भेद मराठी इतिहासप्रेमींना नव्याने सांगण्याची गरज नाही. ‘त्याला जिंकता येत होते’ ही बखर आहे.

१८/ दप्तर नसेल तर गणितही मुके होते. सॅचेल पेज हा कृष्णवर्णीय पिचर वर्णभेदामुळे मेजर लीगमध्ये पोहोचला तो १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. आणि तरीही त्या हंगामात क्लीव्हलँडसाठी ६-१, ईआरए २.४८. त्याआधीची त्याची ऐन उमेद नीग्रो लीग्जमध्ये आणि गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांत गेली. नीग्रो लीग्जना मेजर लीगचा दर्जा जाहीर झाला डिसेंबर २०२० मध्ये. त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले मे २०२४ मध्ये. प्रदर्शनी सामन्यांना अजूनही त्यात जागा नाही. पेजचा वॉर किती, हे विचारणाऱ्याने आधी त्याचे सामने नोंदवण्याची तसदी कोणी घेतली नव्हती, हे विचारावे.

१९/ बदल झाला का? झाला. २०१० मध्ये सिअ‍ॅटलच्या फेलिक्स हर्नांडेझचा विजय-पराजय १३-१२ होता. त्याच्या संघाने १६२ सामन्यांत अवघ्या ५१३ धावा काढल्या आणि १०१ सामने गमावले. ईआरए मात्र लीगमध्ये सर्वांत कमी, २.२७. समोर न्यूयॉर्कचा सी. सी. सबाथिया, २१-७. वीस वर्षांपूर्वी निकाल निःसंशय उलटा लागला असता. या वेळी २८ पैकी २१ मतदारांनी हर्नांडेझला पहिली पसंती दिली. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा जेकब डीग्रोम १०-९ होता, ईआरए १.७०, त्याला ३० पैकी २९.

२०/ पुरस्कार एका वर्षाचा असतो. हॉल ऑफ फेम कायमचे असते, आणि रकान्याने केलेला खरा अन्याय तिथेच पाहायला मिळतो. नेदरलँड्समध्ये जन्मलेला बर्ट ब्लायलेव्हन बावीस हंगाम खेळला. ३,७०१ स्ट्राइकआऊट, ६० सामने प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देता पूर्ण केलेले, ईआरए ३.३१. १९७३ मध्ये त्याने ३२५ इनिंग टाकल्या, ईआरए २.५२, आणि तरी विजय-पराजय २०-१७. एकूण विजय २८७. तीनशेला तेरा कमी. त्या तेरा विजयांपायी त्याला ‘निव्वळ टिकून राहिलेला’ म्हटले गेले. १९८६ मध्ये एका हंगामात ५० होमरन देण्याचा विक्रमही त्याच्याच नावावर आहे, हे खरेच. पण बाद फेऱ्यांत तो ५-१ होता, ईआरए २.४७, आणि दोन अजिंक्य संघांत खेळला. निर्णायक प्रसंगाचा कस लावायचाच, तर मॉरिसचे तिथले आकडे ७-४ आणि ३.८० आहेत.

२१/ १९९८ मध्ये ब्लायलेव्हनला १७.५ टक्के मते मिळाली. पुढच्या वर्षी १४.१. प्रवेशाला ७५ लागतात. २००३ च्या अखेरीपासून रिच लेडरर या कॅलिफोर्नियातील अभ्यासकाने एकेका मतदाराच्या आक्षेपाला आकड्यांनी उत्तर देत लिहायला सुरुवात केली. २०१० मध्ये ब्लायलेव्हन ७४.२ टक्क्यांवर अडला. पाच मते कमी. २०११ मध्ये, चौदाव्या प्रयत्नात, ७९.७. या चौदा वर्षांत त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. त्याची कारकीर्द तीच होती, वाचणारे बदलले.

२२/ सर्वांच्या नशिबी लेडरर नसतो. रिक रॉशेलची कारकीर्द बव्हंशी शिकागो कब्जसारख्या दुबळ्या संघात गेली. रिग्ली फील्डचा वारा, सुमार क्षेत्ररक्षण. २१४ विजय, १९१ पराभव, ईआरए ३.३७. १९७७ मध्ये तो २०-१० होता. त्याचा संघ ८१-८१. वॉरचे दोन्ही हिशेब, ज्यांचे एरवी जमत नाही, त्याला सत्तरीच्या जवळ नेऊन ठेवतात. मॉरिसला एक हिशेब सुमारे ४४ देतो, दुसरा ५६. मॉरिसला पत्रकारांनी पंधरा वर्षे नाकारले, तरी डिसेंबर २०१७ मध्ये एका विशेष समितीने त्याला हॉलमध्ये घेतले.

२३/ रॉशेलचे नाव मतपत्रिकेवर आले १९९७ मध्ये. पाच टक्क्यांहून कमी मते पडली की नाव कायमचे वगळले जाते. त्याला पडली दोन मते. टक्के नव्हे; मते.